झटापट आणि टँकर : बचावाच्या कथेचे वाचन

एखाद्या खून-खटल्याची बातमी येते. आरोपीने पोलिसांना एक सांगितले आणि न्यायालयात दुसरेच सांगितले, असे तीत दिसते. मग आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत निकाल ताबडतोब लागतो: ‘दोन तोंडांनी बोलतो, म्हणजे खोटा; आणि खोटा, म्हणजे खुनी.’ आरोपी प्रस्थापितांपैकी असला की हा निकाल अधिकच लवकर लागतो. या निकालामागचा संताप मला परका नाही. परंतु ही रीत घातक आहे असे माझे मत आहे आणि ती सर्वांत आधी आपल्यालाच घातक आहे. बचावातील विसंगतीला किती वजन द्यायचे, हे ठरविण्याची काही शिस्त असली पाहिजे. ती शिस्त आपल्याकडे नसल्यामुळे ज्या खटल्यांत विसंगती खरोखरच बोलत होती, तेथेही आपण केवळ घोषणा देऊन थांबलो.

गेल्या वर्षी नेरूळच्या आमच्या महाविद्यालयात ‘निवेदक’ ही संकल्पना शिकविताना मी नानावटी खटल्याचे उदाहरण घेतले. वर्गातल्या बहुतेकांनी ‘रुस्तम’ हा 2016 सालचा हिंदी चित्रपट पाहिलेला होता. पांढऱ्या गणवेशातला नौदल अधिकारी, त्याची फसविली गेलेली पत्नी, तो लंपट श्रीमंत. सगळे त्यांना पाठ होते. मानखुर्द-गोवंडीहून हार्बर लाइनने येणारी मुलेही त्यांत होती. मग मी विचारले, 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात काय झाले? हात फार थोडे वर आले. यात मुलांचा दोष नाही. एका गोळीबाराची कथा समाजाने साठ वर्षे पुन्हा पुन्हा सांगितली आणि दुसऱ्याची सांगितली नाही. का सांगितली नाही, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे असे मला वाटते.

आधी कायद्याचे थोडे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय दंड संहितेच्या 96 ते 106 या कलमांत होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो 34 ते 44 या कलमांत आहे. आशय तोच. धोक्याची वाजवी भीती असली पाहिजे, प्रतिकार गरजेपुरताच असला पाहिजे, आणि सरकारी संरक्षण मिळविण्याइतका अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. असा अपवाद सांगणाऱ्या आरोपीने तो सिद्ध करावा असे पुराव्याचा कायदा म्हणतो. मात्र सरकार पक्षाने गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो, तितका कठोर पुरावा आरोपीकडून मागता येत नाही. त्याचे म्हणणे अधिक संभवनीय वाटले तरी पुरे. इतकेच काय, आरोपीने स्वसंरक्षणाचा मुद्दा तोंडाने मांडलाच नसला, तरी पुराव्यात तो दिसत असेल तर न्यायालयाने त्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मुन्शी राम खटल्यात म्हटले आहे. म्हणजे ‘मी तेथे नव्हतोच’ असे म्हणणारा आरोपीसुद्धा स्वसंरक्षणाच्या कारणाने सुटू शकतो. सामान्य माणसाला हे विचित्र वाटेल. मला ते शहाणपणाचे वाटते.

शहाणपणाचे का, ते घरातलेच उदाहरण देऊन सांगतो. गायरानाच्या वादात माझ्या वडिलांना मारहाण झाली होती. त्यांनी फिर्याद दिली. म्हणजे ते बोलले, हवालदाराने लिहिले आणि त्यांनी अंगठा दिला. ‘वाचून दाखविली, बरोबर आहे’ असे खाली लिहिलेले होते. खटला उभा राहीपर्यंत काही वर्षे गेली. वडिलांनी साक्षीत काठी सांगितली, फिर्यादीत कुऱ्हाडीचा दांडा होता. समोरच्या वकिलाने विचारले, ‘मग यातले खोटे कोणते?’ वडील गप्प राहिले. आरोपी सुटले. आपण विसंगती म्हणतो, तिच्यातली किती विसंगती बोलणाऱ्याची असते आणि किती लिहिणाऱ्याची, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. ज्यांच्या तोंडचे शब्द पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनीच लिहून घेतले, त्या समाजाने ‘विसंगत म्हणजे खोटे’ हे सूत्र हातात घेऊ नये. ते आपल्यावरच उलटते. देसाईगंजच्या पोलीस चौकीतील 1972 सालच्या प्रकरणात मथुरा या आदिवासी मुलीला सेशन्स न्यायाधीशांनी धडधडीत खोटारडी ठरविले होते. पुढे उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. तिच्या जबानीतली प्रत्येक फट मोजली गेली होती.

तेव्हा विसंगतीच्या जाती वेगळ्या करून पाहाव्या लागतात. घाबरलेल्या माणसाच्या आठवणीतला गोंधळ ही एक जात. ‘मी मारले नाही, आणि मारले असे ठरलेच तर ते चिथावणीमुळे’ अशी वकिलाने मांडलेली पर्यायी बाजू ही दुसरी. आणि प्रेत पडल्यानंतर, प्रेताला शोभेल असा धोका मागाहून घडविणे ही तिसरी. पहिल्या दोहोंना आपण क्षमा केली पाहिजे, तिसरी पकडली पाहिजे. ती पकडण्यासाठी मी वर्गात कथेला विचारतो तेच प्रश्न विचारतो. ही कथा प्रथम केव्हा सांगितली गेली? निवेदक कोठे उभा होता? आणि कथेतल्या निर्जीव वस्तू निवेदकाशी सहमत आहेत काय?

या प्रश्नांना नानावटी खटल्याइतके स्वच्छ उत्तर क्वचितच मिळते. 27 एप्रिल 1959. आय.एन.एस. म्हैसूर या युद्धनौकेवरील अधिकारी कमांडर कावस नानावटी यांना पत्नी सिल्व्हियाने प्रेम आहुजा या मोटारींच्या व्यापाऱ्याशी असलेले संबंध सांगितले. नानावटींनी पत्नीला व मुलांना मेट्रो सिनेमाला सोडले आणि ते बोटीवर गेले. रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचे आहे, असे खोटे कारण सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. ती एका खाकी पाकिटात ठेवून ते आधी आहुजाच्या कचेरीत गेले, तो नाही म्हणताच त्याच्या घरी. आहुजा नुकताच न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून बाहेर आला होता. खोलीचे दार बंद झाले, तीन गोळ्या सुटल्या आणि आहुजा मेला.

न्यायालयात नानावटींची कथा अशी होती. आपण पाकीट बाजूला ठेवले, ‘तू हिच्याशी लग्न करून मुलांना सांभाळणार का’ असे विचारले, आहुजाने तुच्छतेचे उत्तर दिले आणि तो पाकिटाकडे झेपावला, आपणही झेपावलो, झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. म्हणजे हा अपघात. बचावाची दुसरी बाजू अशी की, अपघात मानला नाही तर ही गंभीर व आकस्मिक चिथावणी होती. एका बाजूस ‘मी मारले नाही, गोळी सुटली’ आणि दुसऱ्या बाजूस ‘मारले, पण संतापाच्या भरात’. ही पर्यायी बाजू आहे आणि तेवढ्यावरून नानावटींना खोटे ठरविता येत नाही, हे मी वर म्हटलेच आहे.

नानावटींची कथा खोटी ठरते ती वस्तूंच्या साक्षीने. सर्वोच्च न्यायालयाच्या 24 नोव्हेंबर 1961 च्या निकालात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी केलेले वाचन मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे; असे समीक्षात्मक गद्य आपल्याकडे फार नाही. छातीवर एक जखम, डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात एक, डोक्यावर एक. दोन धडधाकट पुरुष रिव्हॉल्व्हरसाठी एकमेकांशी झोंबत होते म्हणे. पण मेलेल्याच्या कमरेचा टॉवेल सुटला नाही, सैलही झाला नाही. मी वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला आणि म्हणाला, ‘सर, आमच्या नळावरच्या भांडणात बनियन राहत नाही अंगावर.’ सुब्बा राव यांचा मुद्दा त्याने आपल्या भाषेत सांगितला होता.

दुसरी गोष्ट कथेच्या वेळेची. गोळीबारानंतर नानावटी इमारतीबाहेर आले. पहारेकऱ्याशी बोलताना आहुजाचे आपल्या पत्नीशी संबंध होते म्हणून त्याला मारले, असे त्यांनी सांगितल्याचा पुरावा आला. नौदलाचे प्रोव्होस्ट मार्शल कमांडर सॅम्युअल यांच्याकडे ते गेले, नंतर पोलीस उपायुक्त लोबो यांच्यापुढे हजर झाले. आपण माणूस मारला हे सांगितले, पण झटापटीत अपघाताने गोळी सुटली, हे सांगितले नाही. ती कथा सेशन्स कोर्टात प्रथम उगवली. घाबरलेला माणूस तपशील विसरतो हे खरे. पण ज्या एका गोष्टीने आपण निर्दोष ठरतो ती गोष्ट तो विसरेल काय? आणि नानावटी घाबरलेले होते असेही दिसत नाही. पोलिसांच्या कागदात आपल्या नावाचे स्पेलिंग चुकले होते ते त्यांनी दुरुस्त करून दिले. माझ्या वडिलांचा अंगठा आणि नानावटींची ही दुरुस्ती यांत जे अंतर आहे ते मला नेहमी आठवते. ज्याला आपल्या नावाचे अक्षर सुधारता येते, त्याच्या पहिल्या जबाबातले मौन अधिक वजनाचे धरले पाहिजे. चिथावणीच्या बाजूलाही वेळेनेच उत्तर दिले. घर सोडल्यापासून खुनापर्यंत सुमारे तीन तास गेले होते, आणि त्या तीन तासांत सिनेमा, बोट, खोटे कारण, शस्त्र, कचेरी असा ठरवून केलेला प्रवास होता.

इतके स्वच्छ असूनही सेशन्स कोर्टातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले, आणि तेथे 11 मार्च 1960 रोजी जन्मठेप झाली. त्याच दिवशी राज्यपालांच्या हुकुमाने शिक्षा स्थगित झाली. सर्वोच्च न्यायालयानेही जन्मठेप कायम केली. पण 1964 साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने मोहीम चालविली होती. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांचे ‘अपराध मीच केला’ आले, हिंदीत 1963 साली ‘ये रास्ते हैं प्यार के’, 1973 साली ‘अचानक’ आणि शेवटी ‘रुस्तम’. न्यायालयाने एक कथा नाकारली आणि मध्यमवर्गीय कलेने ती उचलून घेतली. या कलाकृतींचे गुणदोष हा वेगळा विषय आहे. मला दिसते ते इतकेच की ‘झटापट’ ही कथा लोकांना हवी होती. घराण्याची इज्जत, गणवेशाची शुभ्रता, नवऱ्याचा बायकोवरचा हक्क. या मूल्यांना ती सोयीची होती. आहुजा जिवंत नव्हता आणि त्याच्या बाजूने कथा सांगणारे कोणी उरले नव्हते. सिल्व्हियाला तर नवऱ्याच्या बचावाची साक्षीदार एवढीच भूमिका मिळाली. तिची स्वतःची कथा कोणी लिहिली नाही.

आता महाडकडे वळू. हे वळण आडवळणाचे वाटेल, पण ‘गोळी सुटली’ या भूतकाळी क्रियापदाशेजारी मला आणखी एक क्रियापद ठेवायचे आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परिषदेच्या मंडपात जेवणाऱ्या, गावात विखुरलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. हल्ल्याच्या आधी गावात आवई उठली होती की, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. घुसले होते काय? नाही. घुसणार आहेत. हल्लेखोर आपल्या मनाने धर्माचे संरक्षण करीत होते. जे घडले नाही त्याविरुद्धचे ते संरक्षण होते, आणि डोकी मात्र खरोखर फुटली. दलितांवरील हिंसेच्या समर्थनाचे व्याकरण बहुधा याच काळात चालते: ते घुसणार होते, ते पेटविणार होते, ते माजणार होते. भविष्यकाळातला गुन्हा खोटा पाडता येत नाही, कारण तो घडलेलाच नसतो.

11 जुलै 1997 च्या सकाळी रमाबाई आंबेडकर नगरातील बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली दिसली. माणसे जमली, पूर्व द्रुतगती महामार्ग अडविला गेला. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्या हाताखाली आली आणि थोड्याच वेळात तिने गोळीबार केला. दहा माणसे मेली, सव्वीस जखमी झाली. मेलेल्यांत निदर्शनाशी काहीही संबंध नसलेली माणसेही होती. राज्यात शिवसेना-भाजपचे सरकार होते. समर्थन असे पुढे आले की, जमाव महामार्गावरील गॅसचे टँकर पेटवून देणार होता. गोळीबार झाला नसता तर सारी वस्तीच उडाली असती. म्हणजे पोलिसांनी वस्तीच्या संरक्षणासाठीच वस्तीवर गोळ्या घातल्या!

आता तेच प्रश्न येथे विचारू. निवेदक कोठे उभा होता? महामार्गाच्या बाजूला, बंदुकीची तोंडे वस्तीकडे. टँकरही महामार्गावरच, गोळ्या पडल्या त्या जागेपासून दूर. टँकर वाचवायचा तर गोळी टँकरच्या दिशेने चाललेल्या माणसावर जायला हवी. वस्ती वाचविणारी गोळी वस्तीच्या तोंडाशी कशी शिरते, याचे उत्तर टँकरच्या कथेत नाही. शरीरे काय म्हणाली? बहुतेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या होत्या. जमाव पांगविणारा पोलीस खाली नेम धरतो, असे पोलिसांचेच नियम सांगतात. आणि क्रम? त्या दिवशी बस जळाली हे खरे आहे. पण ती जळाली गोळीबारानंतर, माणसे मेल्यावर. जळक्या बसचे छायाचित्र पाहणाऱ्याला हा क्रम कळत नाही. छायाचित्रात आधी आणि नंतर नसते. म्हणून मी म्हणतो की, बचावाची कथा वाचताना पहिली चौकशी काळाची करावी.

यातली सर्वांत मोठी विसंगती दोन धोक्यांमधली आहे. जमाव हिंसक होऊन अंगावर येत होता हा एक धोका, आणि जमाव टँकर पेटविणार होता हा दुसरा. दोन्ही एकत्र सांगितले की भयंकर वाटतात; वेगळे करून पाहिले की एक दुसऱ्याला खातो. जो जमाव पोलिसांच्या अंगावर येतो आहे तो त्याच क्षणी दूरच्या टँकरपाशी नसतो. नानावटींची बाजू वकिलांनी निदान ‘हे किंवा ते’ अशी मांडली होती. येथे ‘हेही आणि तेही’ असे म्हटले गेले.

न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाने 1998 सालच्या अहवालात गोळीबार असमर्थनीय ठरविला आणि कदमांना जबाबदार धरले. त्यानंतर खटला उभा राहून निकाल लागायला 2009 साल उजाडले. 7 मे रोजी सेशन्स कोर्टाने सदोष मनुष्यवधासाठी कदमांना जन्मठेप दिली. लवकरच उच्च न्यायालयाकडून त्यांना जामीन मिळाला. येथे ज्यूरी नव्हती, गाण्यांचा चित्रपट नव्हता. पण मधल्या बारा वर्षांत टँकरची कथा शहरभर पसरलेली होती. आमच्या वाशी-नेरूळच्या सोसायट्यांतली सुशिक्षित माणसे मला अजून विचारतात, ‘पण ते टँकरचे काय होते हो?’ आयोगाने काय म्हटले ते त्यांना माहीत नसते, टँकर मात्र माहीत असतो.

या कथेला उत्तर देणारी एक कलाकृती निश्चित आहे: आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (2011). चौदा वर्षे खपून केलेला हा माहितीपट टँकरच्या चित्रफितीची चिकित्सा करतो, वस्तीतल्या माणसांना बोलते करतो, आणि गोळीबारानंतर चार दिवसांनी, 15 जुलैला, गळफास घेतलेल्या शाहीर विलास घोगरे यांच्यापासून सुरू होऊन आंबेडकरी गाण्याच्या परंपरेपर्यंत पोहोचतो. त्याचे मोल मी जाणतो. परंतु तो पाहून बाहेर पडणारे आमचे विद्यार्थी घोगऱ्यांविषयी बोलतात, गाण्यांविषयी बोलतात. टँकर आणि वस्ती यांतले अंतर त्यांच्या बोलण्यात येत नाही. शोक आणि गाणे यांनी तर्काला झाकून टाकले. हा दोष चित्रपटाचा कमी आणि आपल्या पाहण्याचा जास्त. आपण शहीद मोजतो, स्मारक बांधतो, दर 11 जुलैला मेणबत्त्या लावतो. हे सारे केलेच पाहिजे. पण आयोगापुढची साक्ष, शवविच्छेदनाचे कागद, जागेचे नकाशे यांचे मराठीत नीट संपादित पुस्तक आपल्या किती कार्यकर्त्यांच्या घरी आहे? नानावटींचा टॉवेल या देशातल्या कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे, कारण एका निकालपत्रात तो नेमक्या शब्दांत लिहिला गेला. आपल्या कवितेने दुःख नेमक्या शब्दांत लिहिले. पंचनामा मात्र आपण पोलिसांवर सोडला.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. ‘सर, तुम्ही कदमांनाही संशयाचा फायदा देणार काय?’ होय. देणार. पर्यायी बाजू मांडण्याचा, मौन पाळण्याचा, गोंधळून जाण्याचा जो हक्क मी वस्तीतल्या पोरासाठी मागतो तो कदमांनाही आहे. तो देऊनसुद्धा टँकरची कथा उभी राहत नाही, म्हणून तर माझा तिच्यावर आक्षेप आहे. आरोपी कोण आहे हे पाहून पुराव्याचे माप बदलणे हा जातिव्यवस्थेचा जुना धंदा आहे. मनुस्मृतीत एकाच गुन्ह्याला वर्णागणिक वेगळी शिक्षा आहे. मापे उलटी करून आपण तोच धंदा चालवायचा नाही.

आणि हे माप आपल्याला न आवडणाऱ्या ठिकाणीही लावावे लागते. आमच्या नवी मुंबईतलेच ताजे उदाहरण घ्या. 23 सप्टेंबर 2024 रोजी बदलापूरच्या बालिका-अत्याचार प्रकरणातील आरोपीला तळोजा कारागृहातून पोलिसांच्या गाडीतून नेले जात होते. मुंब्रा बायपासजवळ त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून दुसऱ्या अधिकाऱ्याने स्वसंरक्षणार्थ त्याला गोळी घातली, असे पोलिसांनी सांगितले. गोळी डोक्यात लागली. बातमी आली त्या संध्याकाळी ठिकठिकाणी पेढे वाटले गेले. आपल्यातल्याही कित्येकांना त्यात गैर वाटले नाही. आरोप इतका किळसवाणा होता की मेलेल्याच्या बाजूने प्रश्न विचारायला जीभ उचलत नव्हती. पण येथेही झटापट होती. येथेही दुसरा निवेदक मेलेला होता. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयापुढे आला. त्या पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते, आणि वापरलेले बळ असमर्थनीय होते, असे त्यात म्हटलेले होते. ही चौकशी होती, खटला नव्हे. पोलिसांपैकी कोणाला दोषी ठरविण्याचा मला अधिकार नाही.

त्या आठवड्यात मी वर्गात पुन्हा टॉवेलची गोष्ट काढली होती. मागच्या बाकावरचा तोच मुलगा या वेळी हसला नाही. त्याने विचारले, ‘सर, गाडीत किती पोलीस होते?’